हातभर मोकळा ओटा

स्वयंपाकाला लागण्याआधी शेगडीशेजारचा हातभर ओटा रिकामा करावा आणि शेवटचं भांडं उतरेपर्यंत तो रिकामाच राखावा. मेथीची जुडी, मोबाइल, पोह्यांचा डबा, काहीही तिथे टेकवू नये. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण घरात बरंच काही विकत आणतो, पण या बिनपैशाच्या जागेइतकं उपयोगी त्यात थोडंच असतं.

हातात तापलेलं भांडं असलं की विचाराला सवड नसते. दूध उतू चाललं म्हणून पातेलं सांडशीत धरून उचललं, आता ठेवायचं कुठे? डावीकडे मिक्सर, उजवीकडे कणकेची परात. मग ते कसंबसं परातीच्या काठावर टेकतं, कलतं आणि हातावर येतं. आपण म्हणतो, दुधाने भाजलं. माझ्या मते त्यात मिक्सरचाही हात असतो.

ही जागा राखायची तर आवरणं स्वयंपाकाबरोबरच चालायला हवं. कुकरची पहिली शिट्टी होईतो सालं कचऱ्यात जातात, विळी मिटून बाजूला होते, मिसळणाचा डबा जागेवर जातो, फरशीवर सांडलेलं तेल पुसलं जातं. सगळं झाल्यावर एकदाच आवरू म्हणणाऱ्यांचं स्वयंपाकघर शेवटी चकचकीत दिसतं खरं, पण पाय घसरतो तो मधल्या वेळात.

पूर्वीच्या बैठ्या स्वयंपाकाचे धोके वेगळे होते. चुलीचा जाळ पदराला लागायचा. ओटा आला, पाठीला आराम मिळाला, पण उकळतं पाणी लहान मुलाच्या डोक्यापेक्षा उंचावर गेलं. वर काय आहे ते त्याला दिसत नाही. दिसतो तो ओट्याबाहेर आलेला दांडा, आणि दिसलेलं धरून ओढायचंच त्याचं वय असतं. म्हणून तव्याचा, पॅनचा दांडा भिंतीकडे वळवलेला बरा. मात्र पेटलेल्या दुसऱ्या बर्नरवर तो येता कामा नये.

मोकळ्या जागेची खरी किंमत कळते ती तळणाच्या दिवशी. उपासाला साबुदाणा वडे करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं की एखादा वडा कढईत फट्कन फुटतो आणि तेल थेट मनगटावर येतं. वड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते. बाहेरचं कवच तोवर कडक झालेलं, मग ती जाणार कुठून? वडापावाबरोबरच्या मिरच्या तळण्याआधी त्यांना चीर देतात ती याचसाठी. आणि तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी का ओतायचं नाही, याचं उत्तरही त्या फुटलेल्या वड्यातच आहे. पाणी जड, ते तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटतं तेल घेऊन उसळते. अशा वेळी हात पोचत असेल तर गॅस बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं आणि कढई पूर्ण निवेपर्यंत ते उचलायचं नाही. कढई उचलून मोरीकडे धावायचं तर मुळीच नाही. पीठही टाकू नये. उडालेलं पीठ स्वतःच पेटतं. झाकण मात्र तेव्हा मांडणीवर शोधत बसावं लागू नये. कढई चढवतानाच त्या हातभर जागेत ते काढून ठेवावं. रिकाम्या जागेत ठेवायला परवानगी असलेली तेवढी एकच वस्तू.

ओट्याखालीही हाच न्याय लावावा. 14.2 किलोच्या सिलिंडरभोवती कांदे, बटाटे, रद्दी, जुने डबे असं सगळं कोंबलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत, त्याच अडगळीत साचतो. त्याला मुळात फारसा वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळलेलं असतं. तो वास आला की दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नये, चालू असलेलंही बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावं आणि बाहेरून 1906 या क्रमांकावर फोन करावा. मुंबई-पुण्यात नळाने येणारा गॅस उलट हवेपेक्षा हलका. तो छताकडे चढतो. तिथे थंडी वाजते म्हणून वरची झडप कागद लावून बंद करणं हा वेडेपणाच.

पण रेग्युलेटर बंद कोण करणार? पुष्कळ घरांत हे सगळं एकाच व्यक्तीला ठाऊक असतं, बहुधा आईला. ती देवळात गेलेली असते, कुकर चढलेला असतो आणि घरात उरतो तो माणूस, जो चारचौघांत कौतुकाने सांगतो की आपल्याला साधा चहासुद्धा करता येत नाही. चहा त्याने सवडीने शिकावा. सिलिंडर कुठे आहे आणि रेग्युलेटर कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, एवढं मात्र त्याला आजच दाखवून ठेवावं. दाखवायच्या आधी तिथले बटाटे हलवावे लागतील.