बंदर पाठीमागून पाहताना

भूमध्य समुद्रातल्या बेटांची वर्णनं वाचताना एक क्रम हमखास भेटतो. आधी क्षितिजावर डोंगराची रेघ, मग तटबंदी, मग धक्का. जहाज नांगरलं की प्रवासी गल्लीबोळांतून भटकायला मोकळा. हे सगळं समोरून पाहिलेलं असतं. माल्टाचं वॅलेटा बंदर समोरून आहेच देखणं. पण 1530 साली ते बेट सेंट जॉनच्या नाइटांना मिळालं, तेव्हाही तिथल्या चुली सिसिलीहून येणाऱ्या धान्यावर पेटत होत्या. हे धक्क्यावर उभं राहून कळत नाही.

हुबळी-धारवाडला समुद्र नाही. म्हणूनच बंदराकडे पाठीमागून पाहण्याची नजर आपल्यापाशी असायला हवी, असं मला फार वाटतं. यल्लापूरची झाडी, अरबैल घाट आणि अंकोला मागे टाकलं की कारवार येतं. सतराव्या शतकात तिथं इंग्रजांची वखार होती आणि तिला लागणारं कापड हुबळीच्या पेठेतून खाली उतरायचं. 1673 मध्ये मराठी फौजेनं हुबळी लुटली, त्यात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचाही माल गेला. भरपाईसाठी ती पुढे शिवाजी महाराजांकडे तगादा लावत राहिली. घाव बसला होता घाटावर आणि कळ उठली होती किनाऱ्यावर.

कारवारजवळच्या अंजदीव बेटाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गोड्या पाण्यासाठी आणि जहाजांच्या डागडुजीसाठी वास्को द गामा 1498 मध्ये तिथं थांबला होता. थांबायला बेट उत्तमच, पण राहायला? मुंबई ताब्यात घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन 1662 मध्ये आपले शिपाई घेऊन तिथं उतरला, कारण पोर्तुगीजांनी मुंबई द्यायचं नाकारलं होतं. बेटावर पाणी होतं, आसरा होता, पण पाठीशी मुलूख नव्हता. ताप आणि पावसाळे यांत बहुतेक शिपाई दगावले, 1664 मध्ये खुद्द शिपमनही गेला. किनाऱ्यावर उतरून फिरण्यातला आनंद मी नाकारत नाही. पण हवं तेव्हा जहाजावर परत जाता येतं त्यालाच तो लाभतो, आणि ज्याला परतता येत नाही त्याला मागच्या जमिनीचाच आधार लागतो.

जमिनीचं हे मोल मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी पुरतं ओळखलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस आटला आणि त्यांची नजर धारवाडच्या काळ्या मातीवर पडली. इथला कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदराला जाई. पिकायचा धारवाडकडे, पण बाजारात त्याला नाव मिळालं कुमठ्याचं. कारवारला मोठं बंदर व्हावं म्हणून गिरणीवाल्यांनी इतका जोर लावला, की 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. एका बंदरापायी अख्ख्या जिल्ह्याचा कारभार बदलला, आणि त्या बंदराचं कारण होतं आपल्या शेतातलं बोंड! पुढे 1880 च्या दशकात रेल्वे आली ती मुरगावला जाणारी. कापसानं वाट बदलली आणि कारवारचं ते स्वप्न विरलं. समुद्र होता तिथंच होता, खाडी तितकीच खोल होती.

आज अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, सामान्य माणसाला तिथं उतरता येत नाही. मला त्याची फारशी खंत नाही. खंत आहे ती घाटातून जाणाऱ्या प्रस्तावित हुबळी-अंकोला रेल्वेच्या वादाची, कारण त्यात घाट हा नुसता अडथळा ठरतो. एक बाजू बंदराचा व्यापार मांडते, दुसरी तोडल्या जाणाऱ्या झाडांचा हिशेब. मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं अधिक पटतं. ज्या काळी नदीच्या मुखाशी कारवार वसलं आहे, ती याच डोंगरांतून उतरते. बंदराच्या पाठीमागचा मुलूख मोजायचा तर त्यात हुबळीची पेठ जितकी येते, तितकंच यल्लापूरचं रानही येतं.