आधी शेजाऱ्याकडे, मग वेदीकडे



सामान्य काळातील सहाव्या रविवारचे शुभवर्तमान यंदा, २०२६ साली, राखेच्या बुधवारच्या अगदी तोंडावर आले आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायातील हा उतारा आपल्या ओळखीचा आहे. एक मनुष्य अर्पण घेऊन वेदीपाशी येतो आणि तिथे त्याला आठवते, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे. प्रभू येशू त्याला अर्पण तिथेच ठेवून परत पाठवतात. आधी समेट, मग अर्पण.

हे आपण पुष्कळदा ऐकले आहे, पण बहुधा अर्धेच ऐकले आहे. आपण समजतो, माझा कोणावर राग असेल तर तो मी सोडून द्यावा, एवढाच याचा अर्थ. स्वतःच्या रागाविषयी प्रभू त्याच्या आधी बोललेले आहेत. इथे प्रश्न दुसऱ्याच्या मनाचा आहे. त्याची माझ्याविषयी तक्रार आहे. ती खरी की खोटी, मोठी की क्षुल्लक, हे प्रभू विचारतही नाहीत. उठून जायचे आहे ते मला.

दिंद्रुड आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या आपल्यासाठी हा भाऊ बहुतेक वेळा बांधापलीकडचा किंवा भिंतीपलीकडचा असतो. कधी तर सख्खाच भाऊ असतो, कारण वाटणी झाली की एका घराची दोन दारे होतात आणि एका शेताचे दोन गट होतात.

बांध कोरणे हा शब्द आपल्या भाषेत आहे, यावरूनच हे किती जुने दुखणे आहे ते कळते. नांगराचे एक तास पलीकडे गेले तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही. पुढच्या वर्षी आणखी एक तास जाते. दहा वर्षांनी जिथे बैलगाडी चालत होती तिथे माणसालाही नीट चालता येत नाही. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याच्या सीमेचा दगड सरकवणाऱ्याला शाप सांगितला आहे, आणि सगळ्या लोकांनी त्याला आमेन म्हणायचे आहे. मूर्तिपूजा आणि आईबापांचा अपमान यांच्या पाठोपाठ हे पाप तिथे येते. मिस्साबलीला येताना आपण सहसा या पापाचा विचार करत नाही. पापनिवेदनात तर ते क्वचितच येत असेल.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या पाच-सहा महिन्यांत घराला कुलूप असते आणि शेताकडे पाहणारे कोणी नसते. तेवढ्यात बांध सरकतो, नाली वळते, दारापुढे दुसऱ्याचा दगडांचा ढीग पडतो. परतलेल्या माणसाच्या हातात उचल फिटल्यानंतर उरलेले चार पैसे असतात. ते त्याने मुलांसाठी ठेवावेत की वकिलाला द्यावेत?

आता भिंतीविषयी. याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथे भांडणाबरोबर जीवही जाऊ शकतो.

उतारावर घर असले म्हणजे वरच्या अंगणाची माती अडवायला भिंत घालावी लागते. आपल्याकडची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती भिंतीला वर्षभर ढकलतच असते. म्हणून जाणता गवंडी पाया मुरमापर्यंत नेतो, भिंतीच्या मागे काळ्या मातीऐवजी दगडगोटे आणि खडी भरतो, आणि भिंतीत थोड्याथोड्या अंतरावर पाणी बाहेर पडायला भोके ठेवतो. मागे साचलेल्या पाण्याचा भार भिंतीला पेलत नाही.

पण त्या भोकांतून येणारे पाणी जाते कुठे? खालच्याच्या अंगणात. इथे भांडण सुरू होते. खालचा म्हणतो, तुझ्या घराचे पाणी माझ्या दारात कशाला? वरचा म्हणतो, पाणी उताराने जाणारच. शेवटी एक दिवस खालचा सिमेंट कालवून ती भोके बुजवतो. अंगण कोरडे होते आणि त्याला वाटते आपण जिंकलो. भिंतीच्या पोटात मात्र पाणी चढत राहते, आणि भिंत कलते तीही त्याच्याच घराकडे. वरच्याला ती फुगलेली दिसते, पण दोघांत बोलणे नाही, तर सांगणार कोण?

भिंत पडली तर काय होते ते आपण पाहिले आहे. २९ जून २०१९ रोजी पहाटे पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची भिंत खालच्या बाजूच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. आणखी तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरउतारावरील भिंत झोपड्यांवर आली आणि पंचवीसहून अधिक लोक दगावले. दोन्हीकडे मुसळधार पाऊस होता आणि दोन्हीकडे मेले ते खालचे. आपला भाग दुष्काळी म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सिंदफणेला पूर आला, मराठवाड्यात शेते खरवडून गेली आणि बांधांचा पत्ता राहिला नाही. ज्यांच्या खुणाच वाहून गेल्या त्यांचे वाद आता कुठे सुरू होत आहेत.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १८८२ च्या ईझमेंट कायद्याचे तत्त्व असे आहे, की वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल तर खालच्याने ते वाहू द्यावे. त्याच कायद्यात हेही आहे, की जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो तो काढून घेता येत नाही. म्हणजे खालच्याने आपली बाजू खोल खणून वरच्याची माती ढासळवायची नाही. पण वरच्यानेही हा कायदा मिरवू नये. पावसाचे पाणी उताराने जाणे वेगळे आणि छताचे सगळे पाणी पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे वेगळे. मोरीचे सांडपाणी तर त्याहून वेगळे. शेतातील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

हे सर्व माहीत असावे. पण आजच्याच शुभवर्तमानात प्रभू सांगतात, की वाद्याबरोबर वाटेत असतानाच समेट करा, न्यायाधीशापर्यंत पोहोचण्याच्या आधी. लूकच्या शुभवर्तमानात एक जण गर्दीतून ओरडून वाटणीची तक्रार करतो तेव्हा प्रभू न्यायाधीश व्हायला साफ नकार देतात आणि लोभाविषयी बोलू लागतात. आमच्या धर्मगुरूंकडेही काही जण अशा अपेक्षेने येतात, की फादरांनी फीत घेऊन यावे आणि बांध कुठे ते सांगावे. ते काम भूमी अभिलेख कार्यालयाच्या भूकरमापकाचे आहे. मोजणीला अर्ज करण्यात पाप नाही, उलट पुष्कळदा तोच शहाणपणा असतो. फक्त शेजाऱ्याला मोजणीची नोटीस पोहोचण्याआधी आपण स्वतः त्याच्या ओट्यावर जाऊन सांगावे. जमले तर अर्ज आणि खर्च दोघांनी मिळून करावा. मग मोजणीत येईल ते दोघांचे असते.

अब्राहामाने हेच केले. त्याच्या आणि लोटाच्या गुराख्यांत जमिनीवरून भांडणे लागली. वयाने आणि मानाने मोठा अब्राहाम. पहिली निवड त्याची होती. त्याने ती पुतण्याला दिली. लोटाने पाण्याची हिरवीगार बाजू घेतली आणि अब्राहामाने तक्रार केली नाही. त्याचा मुलगा इसहाक याने विहिरी खणल्या, तर गरारचे गुराखी म्हणाले पाणी आमचे. तो पुढे सरकला, पुन्हा खणली, पुन्हा भांडण. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही आणि तिला त्याने रहोबोथ म्हटले. आता ऐसपैस जागा मिळाली, असा त्याचा अर्थ. दर वेळी सोडूनच द्यावे असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या दोन गुंठ्यांवर धनदांडगा चढत असेल तर तिथे नाबोथाची गोष्ट आठवावी. त्याने राजालाही मळा दिला नाही, आणि पवित्र शास्त्र त्याला हट्टी म्हणत नाही.

समेट झाला तर तो कागदावर घ्यावा, कारण आपली मुले तोंडी शब्द विसरतील. २००७ पासूनच्या तंटामुक्त मोहिमेतील गावसमित्यांनी असे किती तरी वाद मिटवले. कोर्टात गेलेला दिवाणी दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि पुढे अपील नाही. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे किमान बारा वर्षे वहिवाटीत असेल, तर अदलाबदलीचा दस्त करण्यासाठी शासनाने २०२३ च्या जानेवारीत सलोखा योजना आणली. तिच्यात मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये ठेवली होती. मुदतीची चौकशी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, करून घ्यावी. भिंतीच्या पायथ्याशी नाली काढून ती गावच्या नालीला जोडणे हे मात्र कोणत्याही योजनेवाचून, दोघांच्या अर्ध्या-अर्ध्या खर्चात होण्यासारखे काम आहे.

येत्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लागेल आणि उपवासकाळ सुरू होईल. मांसाहार वर्ज्य करणे सोपे आहे. या काळात रब्बीची रानेही मोकळी होतात, बांधावरची खूण दिसते, आणि पावसाला अजून अवधी असतो. ज्याच्या भिंतीची भोके बुजलेली आहेत त्याने याच आठवड्यात शेजाऱ्याला हाक मारावी. ज्याचा शेजारी ऊसतोडीला गेला आहे त्याने तो परत येईपर्यंत थांबावे, आणि त्याच्या पाठीमागे बांधाला हात लावू नये.