आधी पावती, मग फराळ

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की सावेडी, केडगाव, भिंगारकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: वरच्या बिऱ्हाडांना यंदा काय द्यायचं? खाली मालक, वर दोन-तीन भाडेकरू, जिन्याखाली मोटरसायकली आणि पाण्याच्या मोटरीचं बटण मालकाच्या घरात, ही नगरच्या उपनगरांतली रुळलेली मांडणी आहे. २०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं, मांडणी तीच राहिली. भाडेकरूंत लष्करी केंद्रातल्या जवानाचं कुटुंब असतं, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आलेला बिहारी फिटर असतो, बदलून आलेला बँकेतला कॅशियर असतो आणि एका खोलीत पाथर्डी-जामखेडकडची चार मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतात.

घरातली चर्चा वस्तूपासून सुरू होते. मिठाई द्यावी तर मुलं गावाला गेलेली असतात. सुका मेवा परवडत नाही. चांदीचं नाणं एकाला दिलं की तिघांना द्यावं लागेल. मागच्या वर्षी स्टीलचे डबे दिले, यंदा काहीतरी वेगळं हवं. एक गोष्ट मात्र या चर्चेत कुणी काढत नाही. देणाऱ्याच्या हातात घेणाऱ्याचं छप्पर आहे. मालक उद्या ‘खोली खाली करा’ म्हणू शकतो, भाडेकरूकडे त्याला तोडीस तोड असं एकही वाक्य नाही. शेजाऱ्याशेजाऱ्यांतली भेट आणि मालक-भाडेकरूंतली भेट वेगळी ठरते ती यामुळे. म्हणून भेट निवडताना दुकानाकडे पाहण्याआधी या नात्याकडे पाहायला हवं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याचा भेटीवरचा निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. पॉलिनेशियातल्या चालीरीतींपासून आपल्या महाभारतातल्या अनुशासन पर्वापर्यंतचे दाखले देत त्यानं मांडलं की भेट कधीच फुकट नसते. ती द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावीही लागते. ज्याला फेडता येत नाही, तो देणाऱ्याच्या खालच्या पायरीवर जातो. मराठी घराला हे कळायला पॉलिनेशियापर्यंत जावं लागत नाही. शेजारून फराळाचं ताट आलं की ते रिकामं परत करत नाहीत. करंज्या तळून झाल्या नसतील तर चिमूटभर साखर घालून ते परत जातं. त्या चिमटीत ‘आम्हीही तुमच्या बरोबरीचे’ एवढं सगळं सांगून होतं. चांदीच्या नाण्याला भाडेकरू असं उत्तर देऊ शकत नाही. तो नाणं घेतो, हसतो, आणि बाथरूमचा नळ गळतोय हे सांगायला पुढचे दोन महिने संकोचतो. नाण्याची किंमत तिथे वसूल होते, मालकाच्या मनात तसं काही नसलं तरी.

आपल्याकडे भेटीची दिशा पूर्वी उलटी होती. कूळ सणाला मालकाच्या दारात काहीतरी घेऊन जाई, आणि त्या आणलेल्या वस्तूची नोंद कुठल्याही वहीत होत नसे. नोंद व्हायची ती देण्याची, आणि तीही एकाच बाजूच्या, मालकाच्या किंवा सावकाराच्या वहीत. या एकतर्फी वहीचा स्फोट याच टापूत झाला. शिरूरजवळच्या करड्यात एका सावकारानं कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या जोरावर एका देशमुखाचं घर पाडलं आणि १८७४ च्या अखेरीस गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला, आणि तो पाहता पाहता नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पसरला. इतिहासाच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आपण वाचतो ते हे. जमावाला सावकाराचा जीव नको होता. त्यांना हवे होते कर्जरोखे, आणि ते हाती आले की ते जाळत.

या दंग्यांतून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यातल्या व्याजाच्या आणि कैदेच्या तरतुदींबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एक साधी तरतूद जास्त मोलाची वाटते. पैसे दिले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मागितला तर दिला पाहिजे. सावकार दिवाळीला धोतरजोडी देतो की नाही, याची कायद्यानं फिकीर केली नाही. कागद दिला पाहिजे, एवढंच सांगितलं. सत्ता असलेल्या माणसानं दुसऱ्याला द्यायची पहिली वस्तू म्हणजे त्याच्या हक्काचा कागद, हा धडा नगरच्या मातीतून निघालेला आहे. तो इथल्या घरमालकांनी विसरू नये.

देणगी आणि हक्क यांची ही ओढाताण पुढे मुंबईच्या गिरण्यांत झाली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तेजी होती तोवर मालक काही वर्षं बोनस देत होते. १९२३ सालचा बोनस त्यांनी नाकारला आणि जानेवारी १९२४ मध्ये कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा रूढीनं, कायद्यानं किंवा न्यायबुद्धीनं कसलाच हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे ती मालकाची मर्जी होती. चाळीस वर्षांनी, १९६५ साली, बोनसचा कायदा झाला, आणि पुढे किमान ८.३३ टक्क्यांचा आकडा पक्का झाला. बोनस हातात पडला म्हणून आज कुणी मालकाच्या पाया पडत नाही. मर्जी गेली आणि दिवाळीचा आनंद काही कमी झाला नाही.

नगर जिल्ह्यानं याहूनही पुढची पायरी पाहिली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. पुढे जिल्हाभर कारखाने झाले आणि सभासदांना दिवाळीसाठी सवलतीच्या दरात साखर देण्याची प्रथा रुजली. दूध संस्था दिवाळीच्या तोंडावर फरकाची रक्कम वाटतात. संचालक मंडळी ती वाटताना फोटो काढून घेतात, तो भाग सोडा. पण ती साखर घेणाऱ्या सभासदाला आपण उपकृत झालो असं वाटत नाही, कारण कारखाना त्याचाही आहे. भेटीतला कमीपणा असा निघून जातो.

शेतजमिनीच्या कुळांचा प्रश्नही कायद्यानं असाच, मालकी देऊन, मुळातच सोडवायचा प्रयत्न केला: १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कसणारा तो मालक. राहत्या घरांबाबत तसं करता येणार नव्हतं, म्हणून तिथे भाडं गोठवलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं, आणि पुढची पन्नास वर्षं ते तिथेच राहिलं. ही व्यवस्था काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली.

म्हणूनच ‘मालक बलवान, भाडेकरू दुबळा’ हे सूत्र सगळीकडे लावता येत नाही. गावातल्या जुन्या बाजारपेठेत, जिथे आजोबांच्या काळापासून दुकानं भाड्यानं आहेत, तिथे भाडेकरू गाडीतून येतो आणि मालक सायकलवरून भाडं न्यायला येतो. भाडं इतकं की त्यात दुकानाची घरपट्टीही निघू नये. तिथे दिवाळीच्या मिठाईचा बॉक्स दुकानदाराकडून मालकाकडे जातो, आणि त्यात थोडी दया असते. एकट्या राहणाऱ्या, वरच्या खोलीच्या भाड्यावर औषधं भागवणाऱ्या मावशींनाही ‘सत्ताधारी’ म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण सावेडीच्या नव्या इमारतींत पारडं पुन्हा मालकाकडे झुकलं आहे. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा माणूस बोलण्यात भाडेकरू असला तरी कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. जुन्या भाडेकरूला असलेलं संरक्षण त्याला नाही. कायद्याचा आधार जिथे पातळ आहे, तिथे मालकाच्या सचोटीवर जास्त भार पडतो.

आता देण्याच्या वस्तूंकडे येऊ. माझ्या मते पहिल्या चार गोष्टी दुकानात मिळत नाहीत.

पहिली, पावती. भाडं रोखीनं घेतलं तर पावती दिलीच पाहिजे, आणि करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्रात कायद्यानं मालकावर आहे. ‘आपल्यात कागद कशाला’ असं म्हणणारा मालक प्रेमळ असेलही, पण कागद नसण्याचा धोका त्याला नसतो, भाडेकरूला असतो.

दुसरी, पाणी. नगर हे पाण्याची फार जुनी चिंता असलेलं शहर आहे. निजामशाहीत बाहेरच्या विहिरींतून खापरी नळांनी पाणी शहरात आणलं होतं, आज ते मुळा धरणातून येतं आणि तेही रोज येत नाही. अशा गावात टाकीवर आणि मोटरीच्या बटणावर ज्याचा ताबा, त्याच्या हातात बिऱ्हाडाचा दिवस असतो. दिवाळीत पाहुणे आले म्हणून ‘पाणी जपून वापरा’ असं जिन्यातून ओरडायचं आणि संध्याकाळी काजू कतली पाठवायची, यात काजू कतलीचा अपमान आहे.

तिसरी, विजेचा हिशेब. सबमीटरवर युनिटचा दर मालक मनानं लावतो, ही भाडेकरूंची जुनी तक्रार आहे. महावितरणचं बिल वर्षातून एकदा तरी सगळ्यांसमोर ठेवून दर ठरवला, तर डब्यांच्या सेटपेक्षा जास्त विश्वास कमावता येतो.

चौथी, दुरुस्ती. घराची रंगरंगोटी दसरा-दिवाळीला होते, पण बहुतेक वेळा ती खालच्या मजल्यावर थांबते. वरच्या खोलीची ओल काढणं, गळका नळ बदलणं, खिडकीची जाळी बसवणं, हे सगळं मालकाच्याच मालमत्तेत राहतं. तरी भाडेकरूला ते कुठल्याही बॉक्सपेक्षा जास्त काळ पुरतं. मात्र काम करायला जायचं ते विचारून, वेळ ठरवून. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात मालकानं चोवीस तास आधी कळवूनच घरात जावं, असं सुचवलं आहे. तो मसुदा राज्यांसाठी नमुना आहे, पण चांगल्या वागणुकीला सरकारी अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

हे चारही झालं असेल तर भेट द्यावी, आणि आनंदानं द्यावी. सगळा व्यवहार कराराच्या कलमांत कोंबावा असं मी म्हणत नाही. रजा न मिळालेल्या जवानाची बायको दोन लेकरांसह परक्या गावात दिवाळी काढते, तेव्हा खालून आलेली हाक तिला कुठल्याही कलमापेक्षा मोठी वाटते. प्रश्न एवढाच की ती हाक तिला कमीपणा न आणता कशी पोचेल.

याला जुनं उत्तर फराळाचं आहे, आणि ते अजूनही सर्वांत चांगलं आहे. घरी केलेला चिवडा, चार लाडू, चकल्या. किंमत एवढी की परतफेड जमावी, आणि नाही जमली तरी खटकू नये. मुलांच्या खोलीतून ताटाबरोबर गावाकडच्या शेंगा येतील, फिटरच्या घरून सहा दिवसांनी छठचा ठेकुआ येईल. तो आला की तो चवीनं खावा. घेता येणं हीसुद्धा मालकानं शिकायची गोष्ट आहे. भेट सगळ्या बिऱ्हाडांना सारखी असावी. जास्त भाडं देणाऱ्याला मोठा बॉक्स दिला, की ती भेट राहत नाही, दरपत्रक होतं. करार संपायला महिना असताना तर भारी वस्तू देऊच नये. पाठोपाठ भाडेवाढ आली की वस्तूचा अर्थ बदलतो.

आणि सण कुणाचा, हेही विचारावं. नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आलं, तेव्हापासून इथे मराठी ख्रिस्ती घरं आहेत. मुसलमान वस्ती तर शहराइतकी जुनी, म्हणजे १४९० पासूनची. ज्याची दिवाळी नाही त्याला दिवाळीला ताट जरूर द्यावं, पण ईद किंवा नाताळ आपल्याही लक्षात असावा. तसंही, ही अडचण पुष्कळ मालकांना येतच नाही, कारण ते आडनाव ऐकूनच खोली नाकारतात. ‘आमच्याकडे चालत नाही’ असं फोनवर सांगणाऱ्या मालकानं वर राहणाऱ्या तीन मनपसंत बिऱ्हाडांना काहीही दिलं, तरी त्याची दानत नाकारलेल्या चौथ्या बिऱ्हाडावरूनच जोखली पाहिजे.

तेव्हा घरमालकांना एक विनंती. मिठाईची ऑर्डर देण्याआधी एका संध्याकाळी करार, पावत्या आणि विजेचं बिल घेऊन बसा. राहिलेल्या पावत्या लिहून काढा. आणि गेल्या वर्षभरात खोली सोडून गेलेल्या कुणाचं डिपॉझिट ‘बघू, देऊ’ म्हणून तुमच्याकडे पडून असेल, तर ते लक्ष्मीपूजनाच्या आधी त्याच्या खात्यात जमा करा. ते पैसे त्याचेच आहेत.