पुढे पाठवणारा निर्दोष असतो काय?

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. सीमाभागातील एका मराठी शाळेत नववीच्या सहामाही परीक्षेचे पेपर तपासले जात होते. एका मुलीने निबंध लिहिताना एका शब्दाची मात्रा चुकवली होती आणि त्यामुळे वडिलांविषयीच्या एका साध्या वाक्याला भलताच अर्थ आला होता. तपासणाऱ्या शिक्षकांना हसू आवरेना. त्यांनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. हे शिक्षक आमचे जुने स्नेही. त्यांनी तो आम्हालाही पाठवला. आम्हीही हसलो, आणि आमच्या दोघा मित्रांकडे तो पुढे रवाना केला.

पानाच्या माथ्यावर मुलीचे नाव, इयत्ता आणि हजेरीचा क्रमांक होता. आमच्यापैकी कोणीच तिकडे लक्ष दिले नाही. तिसऱ्या दिवशी ते पान तिच्याच वर्गातल्या एका मुलाच्या मोबाइलवर आले. चौथ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत येईनाशी झाली. तो शब्द कोणता होता हे आम्ही येथे लिहीत नाही. लिहिला, तर हा लेखही त्याच साखळीतला आणखी एक दुवा ठरेल.

मुलीच्या वडिलांना शाळेत बोलावण्यात आले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, तिची चूक वहीत होती. ती रस्त्यावर कोणी नेली?” या प्रश्नाला त्या खोलीतील कोणापाशीच उत्तर नव्हते. शिक्षक म्हणाले, “मी फक्त आपल्या माणसांना पाठवले.” आम्हीही मनाशी तेच म्हणत होतो. ज्याने ज्याने ते पान पुढे ढकलले, त्या प्रत्येकाने ते आपल्या माणसांनाच पाठवले होते. परक्याच्या हाती ते कोणीच दिले नव्हते. तरीही ते गावभर झाले.

विद्यार्थ्यांना इंटरनेटवरील सुरक्षिततेविषयी आज पुष्कळ सांगितले जाते, आणि ते सांगितलेच पाहिजे. अनोळखी माणसाची मैत्री स्वीकारू नये, पासवर्ड कोणास देऊ नये, बँकेचा ओटीपी सांगू नये, घराचा पत्ता व शाळेची वेळ सर्वांना दिसेल अशी लिहू नये. यातला प्रत्येक शब्द योग्य आहे. परंतु या सर्व उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की धोका बाहेरून येतो आणि आपण आत सुरक्षित असतो. त्या मुलीचा पासवर्ड कोणी चोरला नव्हता. अनोळखी माणसाने तिला फसवले नव्हते. किंबहुना तिच्या हातात मोबाइलही नव्हता. तिला इजा झाली ती तिच्या गुरुजींकडून, आमच्याकडून आणि आमच्यासारख्या भल्या म्हणवणाऱ्या माणसांकडून. म्हणून आज आपणापुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो हा: जी गोष्ट आपण निर्माण केली नाही, केवळ पुढे पाठवली, तिच्या परिणामाची जबाबदारी आपल्यावर येते काय?

हा प्रश्न आजचा नाही. पाणवठ्यावर, पारावर, बाजारात माणसे एकमेकांविषयी बोलत आलीच आहेत. पण पूर्वी एका तोंडून दुसऱ्या कानात जायला बोलणाऱ्याला स्वतः चालत जावे लागे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागे. तेवढ्या वेळात कधी लाज आड येई, कधी शहाणपण. शिवाय बोललेला शब्द हवेत विरून जाई. आता विचाराला तेवढा अवकाश राहिलेला नाही. बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि पाठवलेले पान पुढे प्रत्येकाच्या मोबाइलवर जसेच्या तसे राहते. पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय २०१७ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे हे खरे. पण तोवर कोणी तो पुढे पाठवला असेल, तर ती प्रत पुसली जात नाही.

याचा शेवट कोठवर जाऊ शकतो हे आपण २०१८ साली पाहिले आहे. पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून एक लहानशी फिल्म तयार करण्यात आली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, आणि थोड्याच वेळात त्याला परत आणून सोडतात. मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, हे सांगणारा एक फलक शेवटी दाखवला जातो. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा, आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे अशा मजकुरासह, भारतात अनेक ठिकाणी फिरला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली फिल्म माणसांच्या जिवावर उठली.

त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बीदर जिल्ह्यातील मुर्की येथे हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा तशाच संशयावरून बळी गेला. त्याच्या बरोबरच्या मित्रांनी वाटेत शाळेच्या मुलांना चॉकलेटे देऊ केली होती. तेवढ्यावरून संशय आला, संदेश पुढच्या गावी पोचला, आणि त्यांची मोटार अडवण्यात आली. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले.

राईनपाड्याला ज्यांनी हात उचलला ते गुन्हेगार होत, यात शंका नाही. पण ज्यांनी आपापल्या घरी बसून अशा अफवा पुढे पाठवल्या, त्यांचे काय? त्यांपैकी बहुतेकांच्या मनात कोणाचा जीव घेण्याचा विचारही नसेल. त्यांत आया असतील, शिक्षक असतील, देवभीरू माणसे असतील. आपल्या मुलांना जपावे, शेजाऱ्याला सावध करावे, एवढाच त्यांचा हेतू असेल. आणि तरीही त्या प्रत्येकाच्या हातून त्या अफवेला थोडे थोडे बळ मिळत गेले.

अशा वेळी आपण स्वतःची जी समजूत घालतो ती तीन प्रकारची असते. पहिली ही की, “मी काही ते लिहिले नाही.” हे खरे आहे. पण आमच्या मित्रांनी ते पान पाहिले व ते हसले, ते आमच्या नावावर विश्वासून. संदेश पुढे जातो तेव्हा पाठवणाऱ्याची पतही त्याच्याबरोबर जाते. शिक्षकाने पाठवलेले विद्यार्थ्याला खरे वाटते, मोठ्या भावाने पाठवलेले धाकट्याला खरे वाटते. ज्या गोष्टीला आपण आपली पत उसनी दिली, तिच्याशी आपला संबंध नाही असे कसे म्हणता येईल?

दुसरी समजूत अशी की, “मी पाठवले नसते, तर दुसऱ्या कोणी पाठवलेच असते.” तसे असेलही. पण दुसरा खोटे बोलला असता म्हणून माझे खोटे बोलणे खरे होत नाही. शिवाय हे वाक्य साखळीतला प्रत्येक जण म्हणतो, आणि प्रत्येक जण म्हणतो म्हणूनच साखळी तुटत नाही.

तिसरी समजूत सर्वांत फसवी आहे. “मी चांगल्या हेतूने पाठवले.” चांगला हेतू ही मोठी गोष्ट आहे, पण त्याने आपली सुटका होत नाही. ज्याला खरोखर शेजाऱ्याला सावध करावयाचे आहे, तो बातमी खरी आहे की नाही हे आधी पाहील. भूकंपाची हाकाटी करणाऱ्याला जमीन हलली की नाही एवढे तरी ठाऊक असावे. खात्री करून घेण्याचा कंटाळा आणि चांगला हेतू या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, मग काय मौन धरावे? जे दिसेल ते गिळून गप्प बसावे? नव्हे. मौनानेही मुले बळी जातात. एखाद्या मुलीला कोणी तिच्या फोटोच्या जोरावर धमकावत असेल आणि तिची मैत्रीण ते जाणून गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याला निष्ठा म्हणता येणार नाही. आपल्या भाषेत या बाबतीत दोन चांगले शब्द आहेत, चहाडी आणि गाऱ्हाणे. दोन्हींमध्ये एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानी जाते. कित्येकदा शब्दही तेच असतात. पण चहाडी जेथे चव घेतली जाईल तेथे नेली जाते, आणि गाऱ्हाणे जेथे दाद मिळेल तेथे. गोष्ट खरी की खोटी एवढ्यावर हा भेद ठरत नाही. त्या मुलीचे पान खोटे नव्हते. तिनेच ते लिहिले होते. तरीही आम्ही केली ती चहाडीच, कारण आमच्यापैकी एकाच्याही हातून तिचे भले व्हावयाचे नव्हते. तेच पान शिक्षकांनी तिला एकटीला बोलावून दाखवले असते, तर ते शिक्षण झाले असते.

हा भेद आज शिक्षकांना फार जपून पाळावा लागतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर दुसऱ्या मुलाचे वा मुलीचे अश्लील चित्र फिरत आहे असे कळले, तर कित्येक शिक्षक पुरावा म्हणून ते स्वतःच्या मोबाइलवर घेतात आणि मुख्याध्यापकांना पाठवतात. हेतू चांगला असला, तरी यामुळे ते चित्र आणखी दोन ठिकाणी जाते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब प्रमाणे मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षकाने चित्राची प्रत करू नये. कोणाच्या खात्यावर, कोणत्या दिवशी, काय दिसले हे कागदावर लिहून काढावे व ज्यांना सांगणे प्राप्त आहे त्यांना समक्ष सांगावे. मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक शाळेच्या फलकावर लावलेले असावेत. आणि सर्वांआधी त्या मुलाला वा मुलीला एवढे सांगावे की, तू एकटा नाहीस, तू एकटी नाहीस. धमकी देणाऱ्याचे सारे बळ मुलाच्या एकटेपणात असते.

सरकारांनीही या बाबतीत पावले उचलली आहेत. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खाते ठेवता येऊ नये असा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची खाजगी माहिती वापरण्यापूर्वी आईवडिलांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. अशा कायद्यांचे गुणदोष काळ ठरवील. परंतु आमच्या गोष्टीतील एकही माणूस १६ वर्षांखालचा नव्हता, तो शेवटचा विद्यार्थी सोडून. वयाची अट आम्हाला थोपवू शकली नसती. शिक्षकाची सवय सुधारल्यावाचून विद्यार्थ्याला सुरक्षितता शिकवता येत नाही, कारण मुले आपण सांगतो त्यापेक्षा आपण करतो ते अधिक लवकर उचलतात. वर्गाच्या ग्रुपवर नापास झालेल्यांची यादी टाकणारे गुरुजी दुसऱ्या तासाला सायबर सुरक्षेवर कितीही बोलले, तरी मुलांनी पहिला धडा घेतलेला असतो.

हेच आपल्या मंडळींनाही लागू आहे. संडे स्कूलच्या सहलीचे फोटो, बक्षीस समारंभाचे फोटो, मुलांच्या नावांसह आणि ठिकाणांसह आपण किती सहज सर्वत्र पाठवतो! ज्या मुलाचा फोटो आहे त्याला आपण कधी विचारतो काय? आठ वर्षांच्या मुलालाही लाज असते, आवड असते. ते मूल आपले असले, तरी त्याचा चेहरा त्याचा आहे. त्याला विचारण्याची सवय आज आपण लावून घेतली, तर उद्या तेही दुसऱ्याचा फोटो पाठवण्यापूर्वी विचारील.

त्या शिक्षकांनी नंतर भर वर्गात उभे राहून, तो शब्द न उच्चारता, झाल्या गोष्टीची माफी मागितली. त्या दिवशी मुलगी वर्गात नव्हती. मुख्याध्यापिकाबाई तिच्या घरी गेल्या, आईशी बोलल्या, आणि आठ-दहा दिवसांनी ती परत येऊ लागली. ती आता दहावीत आहे. निबंध लिहिताना ती फार थोड्या ओळी लिहिते, असे तिच्या बाई सांगतात.

आम्ही आमच्या दोघा मित्रांना फोन केला. एकाने ते पान कोणालाच पाठवले नव्हते. पाहिले, आणि पुसून टाकले. दुसऱ्याने ते आपल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकले होते, आणि तेथून ते पुढे कोठे गेले हे त्याला सांगता येईना. पहिल्या मित्राने यात विशेष असे काही केले, असे त्याला स्वतःला वाटत नाही. आम्हाला मात्र त्याचा हेवा वाटतो.