निकालानंतरची बावीस वर्षे

निकालपत्रावर सही झाली की न्यायाधीशाचे काम संपले, असे आपण धरून चालतो. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांचे आयुष्य पाहिले की हा समज टिकत नाही.

सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव, जन्म १९२७ चा. बेचाळीसच्या चळवळीत कोवळ्या वयातच उतरले, पुढे नागपुरात वकिली केली आणि १९७२ ते १९८९ अशी सतरा वर्षे मुंबई उच्च न्यायालयात न्यायदान केले. आणीबाणीत स्थानबद्धांच्या हक्कांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या न्यायमूर्तींत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचे तसे निकाल फिरवले. ती चूक होती, हे त्याच न्यायालयाने मान्य करायला २०१७ साल उजाडले.

पण त्यांची खरी कसोटी निवृत्तीनंतर लागली, असे वाटते. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला होता. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि मच्छीमारांची गावे असलेला हा मुलूख. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले आणि अध्यक्षपद धर्माधिकारींकडे आले.

तिथल्या औष्णिक वीज केंद्राची वीज मुंबईला, धूर मात्र डहाणूला. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. यंत्रणा सुरू व्हायला २००७ उजाडले. आठ वर्षे! आदेश देऊन मोकळे होणाऱ्याच्या हातून हे झाले नसते. तारखा लावायच्या, खुलासे ऐकायचे, मुदत संपली की पुन्हा विचारायचे. यात मथळे नसतात, टाळ्याही नसतात. तरी न्याय शेवटी ज्याच्या दारी पोचायला हवा, त्या बागायतदाराला आणि त्याच्या श्वासाला याच चिकाटीचा आधार असतो.

डहाणूच्याच किनाऱ्यावर प्रस्तावित असलेल्या वाढवण बंदराला १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने नकार दिला होता. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी गेले, तोवर अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने त्याच बंदराला परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली.