धनेशाचा पिंजरा आणि नोहाचे तारू



देवबापाने निर्माण केलेल्या प्राण्याला माणसाने कोंडून ठेवावे काय? प्रश्न साधा वाटतो. परंतु एका पक्ष्याची हकिकत वाचल्यापासून तो मनातून जात नाही.

मुंबईत १८८३ साली निसर्गाची आवड असलेल्या आठ जणांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. पेंढा भरलेले पक्षी, कीटक, कातडी यांचा मोठा संग्रह तिच्याकडे जमला. त्या निर्जीव संग्रहाच्या सोबतीला एक जिवंत पाहुणाही होता. १८९४ साली कारवारहून धनेश पक्ष्याचे पिल्लू भेट म्हणून आले. त्याचे नाव विल्यम. संस्थेचे चिटणीस वॉल्टर मिलार्ड यांच्या खुर्चीमागे त्याचा पिंजरा असे. तो मुंबईत २६ वर्षे जगला.

मिलार्ड मोठ्या मनाचे गृहस्थ. १९०८ साली एक मुलगा निराळ्या रंगाची मेलेली चिमणी घेऊन त्यांच्याकडे आला. त्यांनी ती ओळखून दिली, शिवाय संग्रहाचे कप्पे उघडून त्याला पक्षी दाखवले. तोच मुलगा पुढे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली झाला. अशा संग्रहालयांनी आपल्याला सृष्टीची ओळख करून दिली, हे ऋण मानलेच पाहिजे.

विल्यम १९२० साली मेला. तारेचा तुकडा गिळल्यामुळे मेला, असे म्हणत. परंतु पूर्वी त्याने पेटलेली सिगार गिळली होती, तरी त्याला काही झाले नव्हते. मिलार्ड यांचे सहकारी नॉर्मन किनियर यांचे मत वेगळे होते. जुना मित्र दुरावला, हेच खरे कारण, असे त्यांना वाटे.

म्हणजे त्या पिंजऱ्यात प्रेम होते. आणि प्रेम असूनही तो पिंजराच होता. येथेच माझे मन अडते.

रानातल्या धनेशाची रीत पाहा. अंडी घालण्याच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक फट तेवढी राहते. तिच्यातून नर तिला फळे भरवतो. तीही भिंतच, पण ती मादीने पिलासाठी स्वतः घातलेली, आणि वेळ येताच ती स्वतःच फोडून बाहेर पडते.

पवित्र शास्त्रातही एक बंद दार आहे. नोहाच्या तारवात सगळे प्राणी कोंडलेले होते, ते त्यांचा जीव वाचावा म्हणून. पाणी ओसरताच देवाने नोहाला सांगितले, की सगळ्यांना बाहेर आण (उत्पत्ती ८:१६-१७). दार ज्यांच्यासाठी बंद झाले, त्यांच्यासाठीच ते उघडले. विल्यमचे दार मात्र आपल्या कौतुकासाठी बंद झाले आणि बंदच राहिले.

तेव्हा कोणतेही दार लावताना दोन प्रश्न विचारावेत. हे कोणाच्या भल्यासाठी? आणि ते केव्हा उघडणार?

आपल्याकडे पोपट पाळण्याची हौस आहे. आपले रानातले पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे खरे; पण कायद्याच्या आधी विवेकाने विचारायला हवे. ‘आम्ही त्याला पेरू घालतो, मिरची घालतो, लेकरासारखा जीव लावतो,’ असे आपण म्हणतो. मिलार्ड यांनीही जीव लावला होता.

आणि लेकरांचे काय? ‘दिवस वाईट आहेत’ म्हणून दहावीनंतर मुलीची शाळा बंद होते आणि वर्षभरात तिचे लग्न ठरते. आईबापांची काळजी खोटी नसते. पण ती भिंत तिने घातलेली नसते, आणि ती फोडण्याचे बळही आपण तिच्या चोचीत राहू देत नाही. काळजी आपली असते, किंमत ती मोजते.

दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १२:६). चिमणी जगाच्या बाजारात स्वस्त असेल, पित्याच्या नजरेत नाही.

आज मिस्साहून घरी गेल्यावर आपापल्या घरातले एक बंद दार शोधू या. ते आपण कोणासाठी लावले आहे, हे प्रभूसमोर प्रामाणिकपणे सांगू या. आणि उघडण्याची वेळ झाली असेल, तर कडी काढण्याचे धैर्य त्याच्याकडे मागू या.