विश्वास आणि पडताळा

विश्वास हा सद्गुण आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. ज्याला कोणावरच विश्वास टाकतां येत नाहीं, त्याला आपण कोत्या मनाचा समजतों. परंतु संगणकांचीं जाळीं सुरक्षित राखणारे तज्ज्ञ आज जो पहिला नियम सांगतात, तो नेमका याच्या उलट आहे. कोणावरही आधींच विश्वास ठेवूं नका. आंतला असो वा बाहेरचा, प्रत्येकाची ओळख प्रत्येक वेळीं पडताळून घ्या, असें ते म्हणतात. ज्या समाजाचे पगार, पेन्शनी आणि ठेवी आतां या जाळ्यांतून फिरतात, त्यानें हा नियम पत्करला तर त्याच्या नीतीचें काय होईल? यापुढें अविश्वास हाच सद्गुण ठरणार काय?

प्रश्न हवेंतला राहूं नये म्हणून एक घडलेली गोष्ट घेऊं. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत, ११ व १३ या तारखांना, तिचे सुमारें ९४ कोटी रुपये चोरीस गेले. तिजोरी फुटली नाहीं, कीं पहारेकरी झोपला नाहीं. एटीएममध्यें कार्ड घातलें कीं तें यंत्र 'पैसे देऊं काय?' असें बँकेस विचारतें, आणि स्विच नांवाच्या एका मधल्या दुव्यामार्फत बँकेच्या खातेवहीचा होकार वा नकार येतो. चोरट्यांनीं जाळ्यांत शिरून या दुव्याच्या जागीं आपला खोटा दुवा बसविला. मग देशोदेशींच्या एटीएमवर बनावट कार्डांनीं जी जी मागणी झाली, तिला हा तोतया खातेवहीस न विचारतांच 'द्या' म्हणत गेला. त्या ९४ कोटींपैकीं सुमारें १४ कोटी १३ तारखेस हाँगकाँगमधील एका खात्यांत वळविण्यांत आले. विचारणारें यंत्र प्रामाणिक होतें. उत्तर कोण देत आहे, हें मात्र त्यानें पाहिलें नाहीं. महाराष्ट्राला तोतया नवा नाहीं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला, त्याच्या मागें गेलेलीं सारींच माणसें लबाड नव्हतीं.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. माणसाचा संशय घेणें वेगळें आणि त्याच्या दाव्याचा पडताळा घेणें वेगळें. संशय नेहमीं कोणा एकावर पडतो, आणि बहुधा तो दुबळ्यावर पडतो. घरांतला दागिना सांपडेनासा झाला कीं पहिली नजर मोलकरणीकडे जाते, जांवयाकडे जात नाहीं. पडताळा मात्र सर्वांना सारखा लागतो. बँकेचा लॉकर उघडावयास एक किल्ली खातेदाराची व दुसरी बँकेची लागते. त्यांत कोणीही स्वतःचा अपमान मानीत नाहीं. जाळें बळकट करण्याचे उपाय याच जातीचे आहेत. परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी खूण मागणें, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार देणें, मोठी रक्कम हलवितांना दोघांची संमति घेणें, आणि कोणीं केव्हां काय उघडलें याची नोंद त्या माणसाच्या हातीं न लागेल अशी ठेवणें. अशी नोंद असली तर चोरीनंतर प्रामाणिक कारकुनाला आपलें निर्दोषत्व दाखवितां येतें. ती नसली, तर सगळी कचेरीच संशयित ठरते.

कोणी म्हणेल, आमच्या चाळींत दारें दिवसभर उघडीं असत. तेथें कोठें पडताळा होता? आम्ही घोडपदेवकर या उघड्या दारांना चांगले ओळखतों. पण त्यांना पहारा नव्हता असें नाहीं. गॅलरींत बसलेली आजी, नळावरच्या बायका, जिन्यांत खेळणारीं पोरें यांच्या कानीं अनोळखी पाऊल पडलें कीं 'कोण पाहिजे?' हा प्रश्न आलाच. तो विश्वास आंधळा नव्हता. त्याचा पडताळा सर्व मिळून, न बोलतां, घेत होते. संगणकाच्या जाळ्यांत गॅलरी नाहीं आणि आजीही नाहीं. तेथें हा प्रश्न विचारण्यास यंत्रालाच शिकविलें पाहिजे.

शिवाय हा केवळ आपापल्या मालमत्तेचा प्रश्न नाहीं. घोडपदेवपासून गोदी दूर नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी आणि स्फोटकें एकत्र भरलेलीं होतीं. आग जहाजाला लागली. प्राण गेले ते शेकडों माणसांचे. २७ जून २०१७ रोजीं खाडीपलीकडे न्हावाशेव्यास याच चुकीचें नवें रूप दिसलें. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालींतून निघालेला 'नॉटपेट्या' मर्स्क कंपनीच्या जगभरच्या जाळ्यांत पसरला, आणि तिच्या समूहाच्या येथील धक्क्याचें काम विस्कटलें. ज्या छिद्राचा त्यानें फायदा घेतला, त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिला होता. पण एका यंत्रांत व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द हातीं लागला, कीं पॅच लावलेलीं शेजारचीं यंत्रेंही पडत. म्हणून जाळ्याचे कप्पे पाडावे, बॅकअप जाळ्यापासून तोडून ठेवावा, असें सांगतात. जो हें करीत नाहीं, तो आपल्याबरोबर शेजाऱ्याचेंही घर पेटवितो. त्याच्या आळसास खासगी बाब म्हणतां येत नाहीं.

मात्र या नियमाला दोन मर्यादा हव्यात. पडताळ्यांतून वरिष्ठांनीं सूट मागूं नये. ज्याचा अधिकार मोठा, त्याच्या नांवानें होणारी चोरीही मोठी. आणि पडताळा कृतीचा असावा, माणसाच्या खासगी जीवनाचा नव्हे. नाहीं तर सुरक्षिततेच्या नांवाखालीं हेरगिरी सुरू होईल. या दोन मर्यादा पाळल्या, तर पडताळ्यानें विश्वास मरत नाहीं. ज्या खात्यांत आपली पेन्शन आहे त्यावर रात्रीं निश्चिंत झोपतां येतें, तें कोणीतरी जागेपणीं प्रत्येकाला 'आपण कोण?' असें विचारीत असतो म्हणूनच.